नळ कोपराने उघडा

मी नळ बोलतोय. तुमच्या मोरीतला नव्हे. त्याला काय बोलायचं ते तो रात्रभर टपटप करून बोलतोच. मी दवाखान्यातला नळ, बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दाराशी बसवलेला, लांब दांड्याचा. माझी मान पिरगाळावी लागत नाही. दांडा कोपराने ढकलला की पाणी येतं, उलट ढकलला की थांबतं. हाताचं कामच नाही. एवढीशी गोष्ट. पण ती माणसांच्या डोक्यात घालता घालता एका बाईच्या घशाला कोरड पडली आणि माझ्या दांड्याला पोचा आला.

माझा जन्म हैदराबादेत, मुशीराबादला, एका पितळ ओतणाऱ्याच्या कारखान्यात झाला. खरं तर दवाखान्याला विलायती नळ हवा होता. पण विलायत लांब, आणि मंजुरी त्याहून लांब. शेवटी कारागिरापुढे एका पुस्तकातलं चित्र ठेवलं आणि सांगितलं, असं काहीतरी कर. त्याने केलं. दांडा जरा कडक झाला, तोंड जरा वाकडं झालं. पण सरकारी कामात ह्याहून वाकडी तोंडं मी पुढे पुष्कळ पाहिली.

माझं पितळ आलं कुठून? गावातल्या बायकांनी मोडीत घातलेल्या भांड्यांतून. एक गळका तांब्या होता, दोन-तीन कान तुटलेली पातेली होती, आणि काठ फाटलेलं एक मोठं कोपर होतं. हल्लीच्या पोरांना कोपर म्हणजे काय ते सांगावं लागतं. उभ्या काठाची पसरट परातच ती. त्यात बाळाला न्हाऊ घालायचं, पाहुण्याचे पाय धुवायचे, लाडवाचं पीठ मळायचं. माझ्यात सगळ्यात जास्त पितळ त्या कोपराचं. म्हणजे कोपर माझं मातुल घराणं. हे नातं ध्यानात असू द्या. पुढे ह्याच नातेवाइकाने मला छळलं. नातेवाइकांकडून दुसरं होणार तरी काय?

दवाखाना हैदराबादच्या कोठी भागात, मागच्या बाजूला होता. नाव सांगत नाही. नावं घेतली की माणसं म्हणतात, 'अहो, तो दवाखानाच तसला,' आणि आपल्या दवाखान्यात निर्धास्त जाऊन झोपतात.

माझ्या आधी त्या जागी चिलमची होती. हैदराबादेत हात धुवायच्या भांड्याला चिलमची म्हणतात. ही तामचिनीची होती, पांढरी, निळ्या काठाची. मी आल्यावर तिला माझ्याच खाली कोपऱ्यात सरकवलं, आणि तिथं पडल्या पडल्या तिने मला सगळं सांगितलं. सकाळी महबूबबी नावाची आया तिच्यात पाणी ओतायची आणि वरून औषधाचे चार थेंब टाकायची. पाणी दुधट व्हायचं, उग्र वास सुटायचा. त्या वासावर सगळ्यांची भारी श्रद्धा. मग दिवसभर जो येईल तो त्याच पाण्यात बोटं बुडवायचा. सुईणी बुडवायच्या, झाडूवाली बुडवायची, बाळंतिणीची मावशी बुडवून डोळ्यांना लावायची. संध्याकाळपर्यंत त्या चिलमचीत अख्ख्या हैदराबाद राज्यातले जंतू गुण्यागोविंदाने नांदत असत. मराठी, तेलुगू, कानडी. भाषेचा तंटा नाही, सीमेचा नाही.

वॉर्डाचे डॉक्टर होते प्रतापराव. शिकलेले, हुशार, पोटावर टाके घालावेत तर त्यांनीच. पण हात धुवायचे म्हटले की बोटांची टोकं बुडवून असे झटकायचे, जणू नैवेद्याभोवती पाणी फिरवतायत. बोटांत तीन अंगठ्या. एक लग्नाची, एक शनीची, एक बढतीची. बढतीची अजून फळायची होती. मग दाराला टांगलेल्या टॉवेलाला हात पुसायचे. तो टॉवेल सोमवारी पांढरा असायचा, असं चिलमची सांगते. मी विश्वास ठेवतो.

ह्याच चिलमचीच्या राज्यात दौलतची मेहुणी गेली. दौलत हा टपाल खात्यातला कारकून, मूळचा परभणीकडचा, विद्यानगरला राहणारा. त्याच्या बायकोचं नाव मनकर्णा. मनकर्णाची थोरली बहीण ह्या वॉर्डात बाळंत झाली. बाळ ठणठणीत. दोन दिवसांनी तिला हुडहुडी भरून ताप आला, पोट फुगलं, आणि ती बडबडत बडबडत गेली. प्रतापराव म्हणाले, "अंगात ताकदच नव्हती." मेलेल्या बाईच्या अंगात ताकद नव्हती, हे निदान आजवर कुणाला खोडता आलेलं नाही.

पण वॉर्डाच्या मुख्य नर्स मालनबाई ह्यांना ते पटलं नाही. मालनबाई नांदेडकडच्या, बांधा लहान, आवाज मोठा. त्या रीतसर शिकलेल्या नर्स होत्या, आणि ताप एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर स्वतःच्या पायांनी जात नाही, हातांनी जातो, हे त्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक प्रतापरावांनाही होतं, पुस्तकात होतं. पण पुस्तक कपाटात आणि हात चिलमचीत. मालनबाई मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, वाहतं पाणी द्या आणि हात न लागणारा नळ द्या. साहेब म्हणाले, देऊ की. पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणाले, देऊ की. कोपराला गूळ लावतात म्हणतात ना, तो प्रकार. दिसतो, वास येतो, जीभ पोचत नाही. मालनबाईंनी मग साहेबांच्या दारात ठाण मांडलं. साहेब जेवायला निघाले की त्या उठून म्हणायच्या, "साहेब, हात धुतले का?" चार दिवसांत साहेबांचं जेवण कमी झालं आणि मी आलो.

माझ्या डोक्यावर एक उर्दू पाटी लागली आणि तिच्याखाली एक मराठी. मराठी पाटी मालनबाईंनी स्वतः रंगवली, कारण वॉर्डात निम्म्या बायका मराठवाड्याकडच्या असत. टपोऱ्या, निळ्या अक्षरांत तीनच शब्द:

नळ कोपराने उघडा.

महिनाभर सगळं ठीक चाललं. मग दसरा आला. दवाखान्यातही हत्यारांची पूजा होते. कात्र्या, चिमटे, खुर्च्या, झाडू, सगळ्यांची. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार गळ्यात पडला. मी हरखलो. पण हार भिजेल म्हणून दोन दिवस मला कुणी उघडलंच नाही! पूजा केली की वापरायचं नाही, हा आपल्या लोकांचा जुना नियम. वस्तू असो की विचार, आधी हार घालतात. हार पडला की समजावं, आपलं काम बंद झालं. तिसऱ्या दिवशी मालनबाईंनी तो हार उचलून महबूबबीच्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा तुला शोभतो."

त्याच दसऱ्याला दौलत नागपूरला गेला होता, दीक्षेला. परत आला तो ताठ मानेने. मनकर्णाचे दिवस भरत आले होते, पण ह्या वॉर्डाचं नाव काढलं की ती रडायची. बहिणीची खाट तिला दिसायची. दौलत माझ्यासमोर उभा राहून मालनबाईंना म्हणाला, "बाई, आम्हाला दुसरीकडं न्यायची ऐपत नाही. पण तिथंच न्यायची छाती पण होईना."

मालनबाईंनी कोपराने मला ढकललं. धो धो पाणी आलं. म्हणाल्या, "तेव्हा हा नव्हता. आता आहे. माझ्या शब्दावर आण तिला. जिवंत परत नेशील."

शब्द देताना माणसं नळाकडे बघतात हे मला नवीन होतं. मी शक्य तेवढा सरळ उभा राहिलो.

मग नोव्हेंबर लागला आणि राज्यच बदललं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठी जिल्हे मुंबईकडे गेले, कानडी म्हैसूरकडे, आणि आम्ही जिथे होतो तिथेच राहून आंध्र प्रदेशात गेलो. दवाखान्यात पहिलं काम काय झालं असेल? औषधं आली? खाटा वाढल्या? नाही. पाट्या उतरल्या. माझ्या डोक्यावरची उर्दू पाटी काढली. तेलुगू पाटी लागायची होती, पण तिच्या मजकुराला मंजुरी नव्हती. मजकुरात चूक राहिली तर नव्या राज्याची अब्रू जाईल म्हणून तो तपासायला गेला होता. मालनबाईंची मराठी पाटी मात्र राहिली, कारण ती कुठल्याच यादीत नव्हती. असा योग आला की आंध्र प्रदेशाचे पहिले काही आठवडे माझ्या डोक्यावर फक्त मराठीचं राज्य होतं.

त्यात मालनबाईंची नेमणूक औरंगाबादेला झाली. मराठी माणूस म्हणून त्यांना मराठी मुलखात धाडायचं ठरलं. वॉर्डातल्या बाळंतिणींना मात्र कुणी वाटून घ्यायला तयार नव्हतं. मालनबाई वॉर्ड सोडून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागल्या. मला दोन महिने राहू द्या, म्हणायच्या. त्यामुळे ऐन वेळी वॉर्डातली त्यांची नजर हलली.

आणि नेमक्या तेव्हाच सत्यवतीबाई आल्या.

सत्यवतीबाई हैदराबादेतल्याच चिक्कडपल्लीच्या. घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतीचं. आता दाण्यांचं दुकान. सून बाळंत झालेली. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांचा सगळा जीव विटाळात. कोण कुणाला शिवलं, कुणाचा पदर कुठे लागला, हे त्यांना झोपेतही कळे. मनकर्णाला वॉर्डात दाखल करायला आलेल्या दौलतने मला उघडून हात धुतलेले त्यांनी पाहिले आणि आडनाव विचारलं. विचारल्यावर थेट मालनबाईंकडे.

"सिस्टर, हे लोक बी ह्याच नळाला शिवणार का?"

"ह्या नळाला कुणीच शिवायचं नाही," मालनबाई घाईत होत्या, कचेरीला निघाल्या होत्या. "त्यांनी नाही, मी नाही, तुम्हीसुद्धा नाही. वाचता येतं ना? पाटी वाचा."

सत्यवतीबाईंनी एकेक अक्षर लावून पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "आग्गं बाई," त्या सुनेला म्हणाल्या, "दवाखाना लई सुधारला की!"

दुसऱ्या दिवशी त्या घरून पितळेचं कोपर घेऊन आल्या.

आता ह्यात त्यांचं चुकलं काय? हाताच्या ज्या सांध्याला तुम्ही कोपर म्हणता त्याला चिक्कडपल्लीत कोनी म्हणतात. शेजारपाजारची उर्दू ऐकून तोच शब्द घरात आलेला. त्यांच्या घरात कोपर म्हणजे फक्त भांडं. नळ कोपराने उघडा. म्हणजे नळाला शिवू नका, भांड्याने ढकला. सोवळ्याची एवढी बारीक सोय सरकारला सुचली ह्याचंच त्यांना कौतुक. त्यांनी माझ्या शेजारच्या खिळ्याला ते कोपर टांगलं, काठ धरून माझ्या दांड्यावर हाणलं. ठण्ण! पाणी आलं. हात धुतले. मग त्याच धुतलेल्या, ओल्या हातांनी तोच काठ धरला आणि उलट हाणलं. ठण्ण! पाणी बंद.

"आमचं कोपर कुणी घेऊ नका," असं त्या बजावत. पण स्वयंपाकाला घरी जावंच लागे. त्या वळल्या की कोपर सगळ्यांचं. माझा दांडा कडक. कोनी मारून मारून बायकांचे हात दुखायचे. हे भांडं बरं होतं. नव्या आलेल्या तेलुगू नर्सनी विचारलं, पाटीवर काय लिहिलंय? महबूबबीने दुसऱ्याकडून ऐकून सांगितलं, "कोपर से खोलना बोलके लिखा है. ये रहा कोपर."

"पण सिस्टर तर हाताच्या कोपराने..." एक जण म्हणाली.

"सिस्टर की बात अलग है. गुस्सेवाली है ना, हर चीज कू कोनीच मारती."

दवाखान्यात पाटी कुणी वाचत नाही. पुढचा जे करतो ते मागचा करतो. झाडूवालीने केलं, सुईणींनी केलं, प्रतापरावांनी केलं. प्रतापरावांना तर तो ठण्ण आवाज फारच आवडला. आपण आलो ही वर्दी वॉर्डाला आपोआप मिळे. मळकट हात काठ धरायचे, धुवायचे, आणि मघाशी मळकट हातांनी धरलेला तोच काठ धुतलेल्या हातांनी पुन्हा धरून माघारी फिरायचे. थेट बाळंतिणीकडे. मी ओरडत होतो. नळाचं ओरडणं म्हणजे खरखर. महबूबबी म्हणायची, "हवा भरी है."

मालनबाई येता जाता ते कोपर बघत होत्याच. बाळंतिणींच्या वॉर्डात कोपर म्हणजे बाळाच्या न्हाण्याचं, ह्यात शंका कशाची घ्यायची?

आधी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या नरसम्माला ताप आला. तिची खाट माझ्यापासून चार पावलांवर. "नीळ्ळु, नीळ्ळु" एवढंच म्हणायची. पाणी मागायची. मी पाण्याने भरलेलो, आणि मला पाय नाहीत. ती गेली.

प्रतापराव मालनबाईंवर कडाडले. "हा नळ आल्यावर ताप वाढला तुमचा! चिलमचीत निदान औषध तरी असायचं. उद्या मिस्त्री येईल आणि हे ध्यान काढून नेईल. आणि तुम्ही औरंगाबादची गाडी धरा."

"गाडी धरते," मालनबाई म्हणाल्या. "पण आधी ताप कुठून येतोय ते दाखवा."

त्याच दिवशी दुपारी मनकर्णाला हुडहुडी भरली. तिला मुलगी झाली होती. ती दाताखाली पदर धरून पडून होती आणि बहिणीचं नाव घेत होती. मालनबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

दौलत टपाल कचेरीतून धावत आला. दारातच थांबला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू म्हणाला, "तुमच्या शब्दावर आणली होती, बाई."

मालनबाई म्हणाल्या, "हात धू आणि मुलीला घे. हिच्याजवळ ठेवू नकोस."

दौलत माझ्याकडे आला. त्याने कोपर उचललं, माझ्यावर हाणायला वर केलं, आणि सत्यवतीबाई सुनेच्या खाटेवरून ओरडल्या.

"ए बाबा! आमचं कोपर नको शिवू!"

"मग नळ उघडू कशानं?"

"नळाला बी हात नको लावू!"

दौलतचा संयम सुटला. "बाई, नळाला शिवू नको, भांड्याला शिवू नको, मग उघडू कशानं? मंत्रानं? ते पण तुम्ही शिकू दिले नाहीत!"

वॉर्डात कुणीतरी फिसकन हसलं. मालनबाई मात्र वळल्या. त्यांनी कोपराकडे पाहिलं, माझ्या दांड्यावरच्या पोच्याकडे पाहिलं, आणि दौलतला विचारलं, "हे तू कशाला उचललंस?"

"सगळेच उचलतात. डॉक्टर पण."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे?" सत्यवतीबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "तुमच्याच पाटीवर लिवलंय. नळ कोपराने उघडा. तुमच्याकडं कोपर नव्हतं म्हणून मी घरचं आणलं. त्याचं तर नाव नाही, उलट तपासणी!"

मालनबाई पाटीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात दुमडून वर केला आणि कोपर सत्यवतीबाईंच्या नाकासमोर धरलं. "अहो, हे! हे कोपर!"

"ही? ही तर कोनी," सत्यवतीबाई म्हणाल्या. "कोनी लिवायचं मग."

आपल्या भाषेचा अभिमान मलाही आहे. माझ्यातही मराठी घरांचं पितळ आहे. पण एका शब्दाला दोन अर्थ ठेवून बाळंतिणी माराव्यात एवढी श्रीमंती कोणत्याच भाषेला परवडणारी नाही.

मालनबाईंनी कोपर हातात घेतलं आणि वळलेल्या काठाखालून हेअरपिन फिरवली. पिनेला काळपट, चिकट थर आला. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला. "धुतलेले हात रोज ह्याला लागले. आणि इथून गेले ते ह्या खाटांवर."

"सगळ्यांनी शिवून शिवून बाटवलं," सत्यवतीबाई पुटपुटल्या.

"बाटलंच आहे. पण जातीने नाही, हातांनी. तुमच्याही हातांनी." मालनबाईंचा आवाज खाली आला होता. "मावशी, मनकर्णाच्या शेजारची खाट तुमच्या सुनेची आहे. तिला तपासायला येतात ते हेच हात. आता सांगा, कुणाचा विटाळ कुणाला?"

सत्यवतीबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने कुशीतलं पोर घट्ट धरलं. मग बाईंनी, ज्यांनी जन्मात कुणाला आपलं भांडं दिलं नव्हतं, स्वतः म्हटलं, "उकळा ते. काय करायचं ते करा."

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. सगळ्या चादरी उकळल्या, खाटा पुसल्या, टॉवेल जाळला. मनकर्णाची खाट एका टोकाला नेली, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, आणि तिच्याकडे जाणारी नर्स दुसऱ्या कुणाला हात लावेना. मालनबाई माझ्याशेजारी स्टूल टाकून बसल्या. कुणी आलं की एकच खणखणीत हाक, "कोनी!"

प्रतापराव आले. सवयीने खिळ्याकडे हात गेला. खिळा रिकामा.

"कोपर कुठंय?"

"तुमच्या अंगालाच आहे, साहेब. दोन आहेत."

सगळ्या बाळंतिणी टाके विसरून हसल्या. प्रतापरावांचे कान लाल झाले. पण माणूस अगदीच दगड नव्हता. खाली बघत त्यांनी तिन्ही अंगठ्या काढून खिशात टाकल्या, बाही वर केली आणि कोनीने मला ढकललं. पहिल्यांदा मी त्यांचे पंजे मनगटापर्यंत ओले पाहिले. मिस्त्री मला काढायला आला तेव्हा म्हणाले, "आता राहू दे." पुढे ताप आटोक्यात आणल्याबद्दल त्यांना बढती मिळाली. त्यांनी ती शनीच्या खात्यावर मांडली आणि तिन्ही अंगठ्या पुन्हा बोटांत आल्या. निदान हात धुताना काढायचे, हेही नसे थोडके.

मनकर्णाचा ताप एकदम उतरला नाही. उतरायचा, चढायचा. दौलत दाराबाहेर बसून राहायचा आणि कुणी नुसता हात पुढे केला तरी दरडावायचा, "कोनी मारा!" एका सकाळी मनकर्णाने डोळे उघडून भाकरी मागितली. मालनबाई माझ्याकडे आल्या, मला उघडलं, आणि हात न धुता नुसत्याच पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग तोंडावर पाणी मारून घेतलं, पुष्कळ वेळ. तोंड कशासाठी धुतात हे नळाला कळतं.

मग यायचं ते आलं. नव्या साहेबांचा हुकूम: मराठी जिल्हे गेले, मराठी पाट्या काढा. जिल्हे गेले, पण मराठी बायका अजून इथेच बाळंत होत होत्या, हे हुकुमाला कसं कळावं? मालनबाईंनी भांडण केलं नाही. आपली पाटी स्वतःच उतरवली आणि रंगाऱ्याला सांगितलं, अक्षरच नको, भिंतीवर दुमडलेला हात काढ. त्याने काढला. तो हुबेहूब केळ्यासारखा दिसत होता. पण त्या केळ्यात उर्दू, तेलुगू, मराठी काहीच नव्हतं, म्हणून कुणाला ते काढून टाकता आलं नाही.

मनकर्णा घरी निघाली. एका हातावर मुलगी, दुसऱ्या हातात गाठोडं. दारात थांबली, माझ्याकडे वळली आणि कोनीने दांडा ढकलला. पाणी आलं तशी तीच कोनी मुलीला दाखवत म्हणाली, "बघ गं, ह्याला म्हणायचं कोपर. भांडं नव्हं." दौलत मागून म्हणाला, "चल, पुरे. तिकडं सत्यवतीबाई ऐकत्यात." सत्यवतीबाई ऐकत होत्याच. म्हणाल्या, "सावकाश जा गं. घरी गेल्यावर पोरीला आंघोळ घाल. कोपर नसलं तर आमचं ने. उकळलंय ते."

मनकर्णाने नेलं.

मालनबाई त्याच आठवड्यात औरंगाबादेला गेल्या. जाताना त्यांनी मला हार घातला नाही, डोळे पुसले नाहीत. कोनीने एकदा उघडलं, एकदा बंद केलं, आणि म्हणाल्या, "कोपरापासून नमस्कार, बाबा."

आता माझं वय झालंय. वॉर्डाला रंग लागला, फरशा बदलल्या, माझ्याभोवती चकचकीत नळ आले. हात पुढे केला की आपोआप पाणी सोडणारे, आणि हात पुढे केला तरी न सोडणारे. माझा वायसर झिजलाय. तो बदलण्याऐवजी माझ्या तोंडाला चिंधी बांधली आहे. शेजारी जंतुनाशकाची बाटली आहे, चोरीला जाऊ नये म्हणून साखळीने बांधलेली. आतलं औषध केव्हाच संपलं. साखळी शाबूत आहे. भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचा रंगीत तक्ता आहे. त्याच्याखाली लोक माझा दांडा पंज्याने धरून ढकलतात आणि मग धुतलेल्या हाताने पुन्हा तोच धरून ढकलतात. मधूनच एखादे साहेब तपासणीला येतात. त्या दिवशी मला हार पडतो.

बाबांनो, मला हार नको. जमलं तर एक वायसर द्या. आणि एक मागणं आहे. विटाळ ही चीज तुम्ही पिढ्यान् पिढ्या पाळलीत, इतकी मन लावून, की त्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. फक्त ती चुकीच्या ठिकाणी पाळलीत. सावली टाळलीत, पाणी टाळलंत, जिवंत माणसं दाराबाहेर उभी केलीत. आता तो सगळा सराव माझ्यावर वापरा. मी अस्पृश्य आहे असं समजा, माझी मुळीच हरकत नाही. आत कुणाची तरी मनकर्णा झोपली आहे.

मला शिवू नका. लांबूनच. कोपरापासून.